विषय: व्हॅनचा इंडिकेटर बल्ब बसत नाहीये, शनिवारच्या आत हवाय

मंडळी, उजवीकडचा पुढचा इंडिकेटर गेलाय, आत डॅशवरचा बाण दुप्पट वेगाने टकटक करतोय. १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब आणला, आकार तोच, उंची तीच, पण होल्डरमध्ये आत जातो आणि वळतच नाही. जोर लावला तर काच टोपीत हलायला लागली म्हणून थांबलो. शनिवारी सगळं सामान त्याच गाडीतून जायचंय. कोणाकडे जादा बल्ब पडलाय का?

------

दादा, जोर अजिबात लावू नका, होल्डर तुटला तर मोठं काम निघेल. जुना बल्ब टाकला नाहीत ना? त्याच्या टोपीवर बारीक अक्षरात नंबर असतो तो वाचा, दुकानातल्या तक्त्यावर जाऊ नका. पीवाय२१डब्ल्यू असेल तर तो नारिंगी, आणि त्याच्या दोन पिना बरोब्बर समोरासमोर नसतात, १५० अंशांवर असतात. तुम्ही आणलाय तो साधा पी२१डब्ल्यू असणार, त्याच्या समोरासमोर. नारिंगीच्या जागी चुकून पांढरा जाऊ नये म्हणूनच हे मुद्दाम केलंय. ज्या दिव्याची काचच नारिंगी असते तिथे मात्र पांढराच लागतो, त्यामुळे पुढचा-मागचा एकच धरू नका. ब्रेक लाइटच्या वेळी हेच झालं होतं.

------

> ब्रेक लाइटच्या वेळी हेच झालं होतं

नाही हो काका, तेव्हा वेगळं होतं, मीच बदलला होता तो. तो दोन फिलामेंटचा, पी२१/५डब्ल्यू, त्याची एक पिन वर आणि एक खाली असते आणि बुडाला दोन ठिपके असतात. इंडिकेटरच्या बुडाला एकच ठिपका.

------

एवढं करण्यापेक्षा एलईडी टाका ना, वर्षानुवर्षं बघायला नको.

------

ताई, मी टाकले होते. एलईडी करंट इतका कमी घेतो की इंडिकेटर टकटक करवणाऱ्या रिलेला वाटतं बल्ब उडालाय, मग परत तीच दुप्पट टकटक. म्हणून करंट वाढवायला ६ ओहमचा ५० वॉटचा रेझिस्टर जोडून घेतला, ज्याने जोडला त्याने तो प्लास्टिकलाच चिकटवला, आठवड्यात मागची पट्टी मऊ होऊन वाकली. तो चालू असताना ३० वॉटच्या आसपास उष्णता टाकतो, पत्र्यावरच बसवावा लागतो. मंडळाच्या गाडीत हे नकोच, ती दहा जण चालवतात.

------

एक विनंती. गाडीचं सामान आणायचं माझ्याकडे दिलेलं आहे, परस्पर कोणी ऑर्डर टाकू नका. वायपर दोघांनी आणले, ते अजून डिकीत आहेत. नंबर कळला की मला सांगा, जोडीच आणते.

------

वहिनी, भिंग घेऊन बसलो तेव्हा वाचता आला, पीवाय२१डब्ल्यूच आहे. काच बाहेरून चंदेरी दिसते, पेटल्यावर नारिंगी होते, म्हणून मी पांढरा समजलो. काका, पिना अंगठ्याने चाचपल्या, खरंच समोरासमोर नाहीत. होल्डरमध्ये हिरवट गंज धरलाय, तो बारीक पॉलिश पेपरने घासून ठेवतो. दोन आणा, डावीकडचाही आतून काळा पडत चाललाय.