बॅटरीचं तापमान उणे ४०, तेही मे महिन्यात नागपुरात! अख्खा पॅक बदलायचा का?

त्रिमूर्तीनगर_ते_बुटीबोरी

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची आहे, चालवते मी. २०१४ ची जपानी हायब्रिड सेडान, निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी, ३४ मॉड्यूल (एकाला एक जोडलेल्या छोट्या बॅटऱ्या), २४४.८ व्होल्ट. कंपनीचं नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतीलच. एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत.

एप्रिलच्या शेवटी दुखणं सुरू झालं. सकाळी बुटीबोरीला जाताना काही म्हणजे काही नाही. दुपारी तीनला शिफ्ट सुटते तोवर गाडी उन्हात भट्टीसारखी तापलेली असते. मग खापरीच्या आसपास लाल त्रिकोण पेटतो आणि इंजिन बंदच व्हायला तयार नसतं. सिग्नलवर उभी असली तरी घरघर चालूच. मायलेज १८ वरून १३ वर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शहाण्या लेकरासारखी चालते.

सर्व्हिस सेंटरने कोड काढून दिला: पी०एसी८, बॅटरी टेम्परेचर सेन्सर बी, सर्किट हाय. वर सांगितलं की सेन्सर पॅकच्या आत असतो, सुटा मिळत नाही, पूर्ण पॅक बदलावा लागेल. अंदाज दोन लाख साठ हजार. बाबा म्हणतात विकून टाकू.

मी घरी डोंगल (गाडीतले आकडे मोबाईलच्या ॲपवर दाखवतो तो) लावून पाहिलं. बॅटरीचे तीन सेन्सर दिसतात. काल दुपारी पहिला ४६, तिसरा ४५, आणि मधला उणे ४०! एका सेन्सरपायी अडीच लाख घालायचे का? मल्टिमीटर वापरता येतो मला, कारखान्यात लॅबमध्येच काम करते.

बर्डीचा_बंटी

ताई, एवढं टेन्शन काहून घेता? त्या सेन्सरच्या दोन वायरींमध्ये एक रेझिस्टर टाकून द्या. गाडीला वाटेल बॅटरी कायम ३० डिग्रीवर आहे. दिवा बंद, विषय बंद. माझ्या मित्राने केलं आहे, मस्त चालून राहिली गाडी.

स्पॅनर_१३

आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. ती मेली की हायब्रिड गाड्या काहीबाही कोड फेकतात.

कोराडीकाका

बंटी, तुझ्या मित्राला सांग, तो रेझिस्टर आज रात्रीच काढ. त्या सेन्सरांच्या आकड्यांवर बॅटरीचा पंखा चालतो. एक आकडा कायम ३० ठेवला की तिथली बॅटरी तापली तरी पंख्याला कळत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात डिकीत काय शिजतं ते तुला माहीत आहे. चार पैशांच्या रेझिस्टरपायी चांगला पॅक भाजून काढशील.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. मी निवृत्त माणूस. कोराडीच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला बत्तीस वर्षं काढली, आणि तुमची तीच गाडी माझ्याकडेही आहे. मला तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली ती उणे ४०. बॅटरी बिघडली असती तर आकडा ५५ दिसला असता, ६० दिसला असता. उणे ४० आपल्याकडे कोणत्याच बॅटरीला होता येत नाही. म्हणजे हा आकडा मोजलेला नाही, वायर कुठेतरी सुटली की दिसणारा तो आकडा आहे.

कारण असं. आतला सेन्सर हा थर्मिस्टर असतो, गरम झाला की त्याचा रोध कमी होतो, थंड झाला की वाढतो. बॅटरीचा ईसीयू, म्हणजे तिचा छोटा कॉम्प्युटर, एका रेझिस्टरमधून त्याला पाच व्होल्ट देतो आणि मधल्या जागी किती व्होल्ट उरले ते वाचतो. वायर तुटली की थर्मिस्टर सर्किटच्या बाहेर जातो, सगळे पाच व्होल्ट तसेच दिसतात. ईसीयू समजतो की रोध अफाट वाढला, म्हणजे कडाक्याची थंडी! म्हणून कोडमध्ये 'सर्किट हाय'. शॉर्ट झालं असतं तर 'लो' आलं असतं आणि बॅटरी उकळत असल्यासारखा आकडा दिसला असता. (आमच्याकडे बॉयलरचं तापमान मोजणारं थर्मोकपल तुटलं की रीडिंग मुद्दाम वरच्या टोकाला पळवायची सोय असे, म्हणजे ऑपरेटर धावत येतो. इथे उलटं आहे, आकडा खाली पडतो, आणि लोक त्याकडे पाहतही नाहीत.)

इंजिन बंद का होत नाही तेही यातच आलं. थंड बॅटरीतून जोरात करंट घ्यायचा नसतो, भरायचाही नसतो. म्हणून गाडी हात आखडता घेते आणि सगळं ओझं इंजिनवर टाकते. तुमचं मायलेज तिथे गेलं.

सर्व्हिसवाल्यांना फार शिव्या देऊ नका. त्यांच्या पुस्तकात बहुधा तेच लिहिलं असेल: सेन्सर पॅकबरोबर येतो, तर पॅक बदला. पण बिघाड सेन्सरमध्येच आहे हे कोणी दाखवलं? सेन्सर, वायर, कनेक्टर, ईसीयू, चार जागा आहेत. दुपारी बिघडतं आणि सकाळी बरं होतं यावरून माझा डाव कनेक्टरवर. तापलं की धातू फुगतो, ढिली पिन सुटते.

आधी न उघडता दोन गोष्टी करा. एक, पहाटे, रात्रभर उभी असलेली गाडी, एसी न लावता, तिन्ही सेन्सर आणि हवेच्या नळीतला चौथा सेन्सर पाहा. सगळे दोन-तीन अंशांच्या आत हवेत. मधला पहाटे बरोबर दाखवत असेल तर थर्मिस्टर जिवंत आहे. दोन, ॲपमध्ये ब्लॉकचे व्होल्टेज पाहा, आपल्या गाडीत दोन-दोन मॉड्यूलचे सतरा ब्लॉक. मोकळ्या रस्त्यावर जोरात पाय दाबा, मग ब्रेक लावा, आणि शेजारी कोणाला तरी मोबाईल धरायला सांगा. थकलेला ब्लॉक जोर लावला की बाकीच्यांपेक्षा खाली जातो आणि भरताना वर उडतो. पण शेजारच्या दोघांत एक वर आणि एक तितकाच खाली दिसला, दोघांची बेरीज मात्र ठीक असली, तर ब्लॉक निर्दोष, मधल्या मोजणीच्या तारेच्या टोकावर गंज. हे ओळखता न आल्याने कितीतरी चांगले पॅक भंगारात जात असतील.

उघडायचं असेल तर एकटीने नको, हाय व्होल्टेजचं काम केलेला इलेक्ट्रिशियन सोबत घ्या. १२ व्होल्टची निगेटिव्ह काढा, डिकीतला केशरी सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे कोणी भला माणूस तो परत लावणार नाही. दहा मिनिटं थांबा. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे, अंगठी आणि घड्याळ घरी. आणि हे डोक्यात ठेवा: प्लग काढला म्हणजे पॅक मेला असं नाही. प्लग पॅकचे दोन भाग करतो, एकेका भागात सव्वाशेच्या जवळपास व्होल्ट तसेच बसलेले असतात. व्होल्टेज मोजणीच्या तारा त्याला थेट जोडलेल्या आहेत, त्यांना हात नाही. थर्मिस्टरचा कनेक्टर वेगळा, बारका असतो.

तो कनेक्टर ईसीयूपासून काढून सेन्सरच्या बाजूने तिन्ही जोड्यांचा रोध मोजा. आकडा किती त्यापेक्षा तिन्ही जवळपास सारखे आहेत का ते पाहा. मग वायरी हलवून पुन्हा मोजा.

त्रिमूर्तीनगर_ते_बुटीबोरी

काका, पहाटे साडेपाचचे आकडे: ३१, ३१, ३१, हवा ३०. मधला अगदी ठणठणीत! ब्लॉकही पाहिले. आउटर रिंग रोडवर बाबांना शेजारी बसवून जोर लावला. सतरा ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त फरक ०.२ व्होल्ट. बाबा मोबाईल धरून एवढे रंगले की खापरीचा सिग्नल हुकला.

बंटीदादा, रेझिस्टर राहू द्या. १२ व्होल्टची तपासली, ती बरी आहे.

कोराडीकाका

०.२ म्हणजे पॅक तुमच्या बाबांपेक्षा तरुण आहे. उघडा आता. आणि एक विचारायचं राहिलं: मागच्या सीटशेजारी बॅटरीला हवा जायची जाळी आहे, ती कधी पाहिली?

त्रिमूर्तीनगर_ते_बुटीबोरी

उशिरा लिहिते आहे, माफ करा. रविवारी कामठी रोडच्या एका दादांकडे उघडली, ते ई-रिक्षा आणि बसच्या बॅटऱ्यांचं काम करतात. पहिलीच गोष्ट त्यांनी दाखवली: झाकणाच्या दोन बोल्टवरचा रंग उडालेला. गाडी आमच्याकडे येण्याआधी कोणीतरी पॅक उघडला होता.

सेन्सरच्या बाजूने तिन्ही जोड्या सारख्या, वायर हलवली तरी हलत नाहीत. मग दादांनी ईसीयूच्या कनेक्टरमध्ये भिंगाने पाहिलं. मधल्या सेन्सरच्या एका मादी पिनचं तोंड पसरलेलं. कोणीतरी मल्टिमीटरची जाड टोचणी त्यात खुपसली असावी! दोन्ही पिना त्यांनी बदलल्या, तीनशे रुपये. जाळीचं विचारलंत ते बरं केलं. तिच्यामागे बोटभर धूळ, आणि आमच्या जुन्या मांजरीचे केस निघाले. मांजर जाऊन दोन वर्षं झाली.

आज दुपारी तीन वाजता, ४४ अंशांत, खापरी ओलांडली. ४३, ४२, ४३. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखालच्या सिग्नलला इंजिन बंद पडलं आणि मी घाबरले, मग आठवलं की ते असंच बंद व्हायला हवं. बाबांनी विक्रीची जाहिरात काढून टाकली आहे.

कोराडीकाका

जुन्या पिना फेकू नका, पाकिटात ठेवा. एखादा पावसाळा जाऊ द्या, मग एकदा पुन्हा पहाटेचे आकडे टाका इथे.