पाच तारांचा कान्तेले: फणसाचं लाकूड की शिवणीचं?

मालवणी_मेस्त
फिनलंड-करेलियाकडचा छोटा, पाच तारांचा कान्तेले (तंतुवाद्य) मालवणात करायचा आहे. फणसाची वाळलेली फळी आहे, ६५ सेंमी. चालेल का? घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) स्वरमंडळासारखीच बसवायची ना? आणि पावसाळ्यात खुंट्या-तारा कशा टिकवायच्या?

रंधा
फणस चालेल, वीणा त्याच्याच होतात. पण तिकडे आल्डर, पाइन, स्प्रूस वापरतात, त्या मानाने फणस जड. शिवण मिळाली तर ती घ्या, वजनाने आल्डरच्या जवळ.

जुनी पद्धत म्हणजे अख्ख्या लाकडातून कोरणं. त्यातही खालून पोखरून तळ उघडा ठेवलेला प्रकार कोकणासाठी उत्तम: चिकटवलेला सांधाच नाही, म्हणजे आषाढात सुटायला काही नाही. वरचा पडदा (तारांखालचा पातळ पृष्ठभाग) ४ मिमी, बाजू ७-८ मिमी. एका दमात कोरू नका. ५ मिमी जादा ठेवून सावलीत सुकू द्या, टोकांना मेण लावा. ओल टोकांतून आधी जाते आणि भेग तिथूनच पडते.

घोडी अजिबात नको! अरुंद टोकाला दोन लाकडी कान, त्यांत आडवी सळई (८ मिमी, स्टेनलेस). तारा सळईला गाठ मारून बांधायच्या आणि थेट खुंटीवर. कानाच्या भोकामागे निदान १५ मिमी लाकूड ठेवा, नाहीतर ताणाने कान रेषेत चिरतो.

खारा_वारा
तारांचा हिशोब: सफेद दोनचा (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरून सा रे ग म प. लांबी ५०, ४७.५, ४५, ४२.५, ४० सेंमी. पहिल्या दोन ०.४० मिमी पोलादी, बाकी ०.३५. प्रत्येकीवर साडेआठ ते दहा किलो ताण, एकूण साधारण ४५. गिटारच्या सुट्या तारांत ०.०१६ आणि ०.०१४ इंच मागा.

लाकडी खुंट्या पावसात फुगून अडकतात, उन्हाळ्यात निसटतात. मिरजेहून स्वरमंडळाच्या लोखंडी खुंट्या मागवा, भोक किंचित लहान पाडा.

जवारीप्रेमी
घोडी नाही तर आवाज बसका नाही येणार? तंबोऱ्यासारखा तारांखाली जीव (सुताचा दोरा) घालून बघा की.

रंधा
जीव घालू नका, तो आवाज वेगळा. कान्तेलेत सळईवरच्या गाठीमुळे तार उभी हलते तेव्हा तिची लांबी एक आणि आडवी हलते तेव्हा किंचित वेगळी. दोन जवळचे सूर मिसळून आस (मागे रेंगाळणारा नाद) लाटेसारखी हलते, तीच त्याची ओळख. गाठ सैल राहिली तर मात्र नुसती खरखर.

मालवणी_मेस्त
पोलाद गंजेल म्हणून पितळी तार लावली तर?

खारा_वारा
ह्या लांबीला ह्या सुरात तुटेल किंवा तुटायच्या बेतात राहील. सा खाली, म्हणजे मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) सफेद सहावर आणा, मग पितळ टिकेल. पोलादच हवं असेल तर वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा.

साथीला उजव्या हाताने पाचही तारा एकदम छेडा, नको त्या डाव्या बोटांनी दाबा. रे-म दाबले की सा-ग-प. सा-ग दाबले की रे-म-प. ग कोमल केला की तिकडची उदास चाल.

बाकी, तिकडच्या जुन्या गाण्यांत पहिला कान्तेले पाईक माशाच्या जबड्याचा आहे. सुरमईवर प्रयोग करू नका.