प्रतिसाद : डब्ल्यू घेण्याआधी युनिट मोजा

भाचा कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात आहे, कॅल्क्युलस जड जातंय, ऑक्टोबरात सोडलं तर चालेल का, असं वर विचारलंय. 'खुशाल सोडू दे, डब्ल्यूने जीपीए घसरत नाही' हे उत्तर अर्धंच आहे. (डब्ल्यू म्हणजे विषय मध्येच सोडल्याची गुणपत्रिकेवरची नोंद, जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी.)

तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर फॉल (पावसाळ्यानंतरच्या) सत्रात किमान १२ युनिट, म्हणजे विषयांचे क्रेडिट, लागतात. त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरतात, तोही ३ युनिटांपर्यंत. १३ युनिटांतून ५ युनिटांचं कॅल्क्युलस गेलं की उरतात ८. म्हणून पोर्टलवर 'ड्रॉप' दाबण्याआधी डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याची, परवानगी हवीच. मागाहून कळवलं तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.

बऱ्याच कॉलेजांत ऑक्टोबराच्या मध्याला आठ आठवड्यांचे वर्ग सुरू होतात. डीएसओला विचारून आधी त्यात जागा पक्की करावी, मगच कॅल्क्युलस सोडावं. मात्र यातले पुष्कळ वर्ग ऑनलाइन असतात आणि १२ युनिटांत ऑनलाइन एकच धरतात, तिथेच मुलं फसतात. शिवाय सोळा आठवड्यांचा अभ्यास निम्म्या वेळात होतो : ३ युनिटांना आठवड्याला वर्ग आणि अभ्यास धरून साधारण १८ तास.

सेन्ससची तारीख, म्हणजे सत्राच्या सुरुवातीला कॉलेज पटसंख्या मोजतं तो दिवस, उलटल्यावर सोडलं तर डब्ल्यू लागतो आणि तो त्या विषयाच्या तीन प्रयत्नांपैकी एक मोजला जातो. पुढे यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) जाण्यासाठी अर्ज भरला असेल तर हा बदल जानेवारीतल्या अपडेटमध्ये नोंदवावा लागतो.

पण त्याआधी त्याला कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरला पाठवा. तिथे फी लागत नाही आणि अडतं ते बहुधा कॅल्क्युलस नसून बीजगणित असतं.