मदत हवी आहे : परीक्षेनंतरचे आठ दिवस, सहावीचा वर्ग, नागपूर

खडूपुडी
पटावर ४२ मुलं. दुसऱ्या सत्राची परीक्षा संपली की १ मेच्या निकालापर्यंत आठेक दिवस उरतात. शाळा सकाळची, ७ ते ११. हजेरी निम्म्यावर येते आणि काल आलेलं मूल आज येईलच असं नाही. रंगीत कागदाची फुलं, अंताक्षरी यात वेळ जातो, पण मुलांच्या हाती काही लागत नाही. वर्षभर शिकलेलं वापरावं लागेल आणि गुण द्यावे लागणार नाहीत, असं काही सुचवा. खर्च ३०० रुपयांच्या आत. नऊनंतर मैदानावर थांबवत नाही, म्हणून वर्गातलंच हवं. हे सगळ्या शिक्षकांना विचारते आहे.

खसची_ताटी
मॅडम, आपल्याकडचं कोरडं ऊन हेच साहित्य धरा. कूलर गार हवा का देतो, हे मुलांना मोजून बघू द्या. एका दिवसात संपतं, त्यामुळे हजेरीचा प्रश्न येत नाही.

२०० मिलीच्या तीन सारख्या बाटल्या घ्या. तिन्हींत एकाच बादलीतलं पाणी गळ्यापर्यंत भरा. पहिली उघडीच ठेवा. दुसरीला जुन्या सुती धोतराचा ओला तुकडा दोन वेढे गुंडाळा. तिसरीलाही तसाच ओला कपडा गुंडाळा, पण त्यावरून प्लॅस्टिकची पिशवी चढवून गळ्याशी रबर लावा. तिन्ही पंख्याखाली, एकमेकींपासून वीतभर अंतरावर ठेवा. दर १० मिनिटांनी तापमान घ्या, ४० मिनिटं. दुसऱ्या बाटलीचा कपडा मध्येच सुकू लागला तर त्याच बादलीतलं पाणी शिंपडा.

दुसरी बाटली पाच-सहा अंशांनी सहज उतरते. पण खरा धडा तिसरीत आहे. कपडा ओला असूनही ती जवळपास तिथंच राहते, कारण वाफेला बाहेर पडायला वाट नाही. ओलेपणानं गार होत नाही, पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं म्हणून गार होतं. जुलैत पाऊस लागल्यावर कूलर घाम का काढतो, ते ही पिशवीतली बाटली दाखवते. हा प्रश्न मुलांनाच विचारा, उत्तर सांगू नका.

चुकतं कुठं, तेही सांगतो. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो. प्रयोगशाळेतला हवा, आणि तोही पाऱ्याचा नको, लाल द्रवाचा घ्या. मुलं तो पाण्याबाहेर काढून वाचतात. बाहेर येताच थर्मामीटरच्या टोकाच्या ओल्या फुग्यावरचं पाणी उडायला लागतं आणि आकडा खाली सरकतो, म्हणजे सगळी नोंद खोटी. फुगा पाण्यात, तळाला न टेकता, आणि डोळा द्रवाच्या पातळीत, असं वाचायचं. नायलॉनचा कपडा पाणी धरत नाही, तो टाळा. शेवटी तीन रेषांचा आलेख एकाच कागदावर काढून घ्या.

रेघोटी
याला जोडून दुसऱ्या दिवशी एक काम : चुकांची पानं. पण त्यासाठी वह्या रद्दीत जायच्या आधी मागवून ठेवा. परीक्षा झाली की वह्या घरात राहत नाहीत.

प्रत्येकानं आपल्या गणिताच्या वहीतलं लाल फुलीचं एक उदाहरण शोधायचं. पानाच्या वरच्या भागात चूक जशीच्या तशी उतरवायची : (−३) − (−५) = −८. मध्ये, तेव्हा ते बरोबर का वाटलं होतं, ते आपल्या शब्दांत लिहायचं. खाली दुरुस्ती, संख्यारेषा काढून, उत्तर २. ही पानं पुढच्या सहावीसाठी. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा नव्या मुलांच्या हाती ती पहिल्याच आठवड्यात द्या.

पानावर नाव नको. मुलं सोपी वाट धरतात आणि हातचा विसरल्याची चूक निवडतात. ती परत करा, विचारात झालेली चूकच हवी. एका तासात पूर्ण होत नाही, दोन धरा. मधला भाग लिहायला मुलांना फार जड जातं. तिथं घाई केली तर ‘लक्ष नव्हतं’ एवढंच येतं. ‘दोन वजा चिन्हं दिसली म्हणून मी बेरीज केली आणि पुढे वजा ठेवलं’ इतकं नेमकं वाक्य येईपर्यंत थांबा. माझ्या मते आठ दिवसांतलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

करंजमाळ
बीजगोळे, म्हणजे आत बी घालून वळलेले मातीचे गोळे, कुणी सुचवलेच तर निंबोळ्या धरू नका. आपल्याकडे त्या जूनच्या सुमारास पिकतात आणि बीजाची उगवण काही आठवड्यांतच घसरते. एप्रिलमध्ये करंज आणि शिरीष यांच्या वाळल्या शेंगा मिळतात. नुसत्या काळ्या मातीचा गोळा वाळताना तडकतो, म्हणून तीन वाट्या मातीला एक वाटी बारीक वाळू आणि एक वाटी चाळलेलं शेणखत घाला. सावलीत वाळवा. आणि पावसाळ्यात ते कोण, कुठं टाकणार हे आधी ठरलं नसेल तर करूच नका, नुसतेच पडून राहतात.

खडूपुडी
बाटल्या आणि चुकांची पानं नक्की करते. थर्मामीटर मात्र शाळेत एकच आहे. तीन बाटल्या कशा मोजायच्या?

खसची_ताटी
एकच पुरतो. क्रम ठरवून घ्या, उघडी, पिशवीची, मग ओली, आणि दर वेळी तोच क्रम ठेवा. प्रत्येक बाटलीत पूर्ण एक मिनिट थांबा आणि मध्ये फुगा कोरड्या कपड्यानं पुसा. पिशवीच्या बाटलीचं तोंड पिशवीबाहेरच राहू द्या, म्हणजे दर वेळी रबर सोडावं लागत नाही.

रेघोटी
सुटीसाठी एक गृहपाठही द्या. नागपूरला शून्य सावलीचा दिवस २६ मेच्या सुमारास येतो. त्या दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सपाट जागी उभा ठेवलेला पेला बघायचा, त्याची सावली बाजूला पडत नाही. २४ ते २८ मेच्या दरम्यान त्या वेळची सावली उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, पण पेल्याला हा फरक जेमतेम मिलिमीटरभर असतो. मोठ्यांना सोबत घेऊन, डोक्याला रुमाल बांधून, पाचच मिनिटं.