विषबाधा आणि कोळसा: चुलीतला वाटून चालतो का?

रानवाट: आमच्या वाडीपासून तालुक्याचं रुग्णालय दीड तासावर आहे. कोणी चुकून जास्त गोळ्या खाल्ल्या तर कोळसा देतात, असं वाचलं. चुलीतला वाटून, वस्त्रगाळ करून चालेल का? की पोटातल्या गॅसवर मिळणाऱ्या कोळशाच्या काळ्या गोळ्या घरात ठेवू?

करवंटी: चुलीतला नको. त्याची छिद्रं डांबर आणि राखेनं बुजलेली असतात. औषधी कोळसा करवंटीचा किंवा लाकडाचाच, पण 800 ते 1000 अंश सेल्सिअसला वाफेत तापवलेला. वाफेशी थोडा कार्बन जळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निघून जातात, मागे बारीक छिद्रांचं जाळं उरतं. एका ग्रॅमला सुमारे 1000 चौरस मीटर पृष्ठभाग, आणि तो बहुतेक आतल्या बाजूला. विष चिकटतं ते यालाच. म्हणून नुसतं वाटून काही साधत नाही.

गोळ्यांचा हिशेबही जमत नाही. विषाच्या साधारण 10 पट कोळसा लागतो. पॅरासिटामॉल 500 च्या 20 गोळ्या म्हणजे 10 ग्रॅम, त्याला कोळसा 100 ग्रॅम. काळी गोळी 250 मिलिग्रॅमची धरली तर 400 गोळ्या!

आपत्कक्ष: रुग्णालयात मोठ्यांना 50 ग्रॅम देतात, सुमारे 400 मिली पाण्यात कालवून. मुलांना वजनाच्या किलोमागे 1 ग्रॅम. सर्वांत जास्त उपयोग पहिल्या तासात. तरीही घरी देऊ नका. माणूस गुंगीत असेल आणि उलटी झाली तर कोळसा फुफ्फुसात जातो, आणि ते मूळ विषापेक्षा जड जाऊ शकतं.

शिवाय लोहाच्या गोळ्या, लिथियम (मानसिक आजारावरचं औषध), मिथेनॉल (विषारी दारूत सापडणारं) कोळशाला नीट चिकटतच नाहीत. रॉकेल, ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा पोटात गेला असेल तर कोळसा नाही आणि उलटीही काढायची नाही. मिठाचं पाणी पाजणं तर कुठल्याच विषात नको, रक्तातलं सोडियम वाढून जीव जाऊ शकतो. कीटकनाशक असेल तर हातमोजे घालून कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा. 108 लावा, माणसाला कुशीवर ठेवा, रिकामी पाकिटं किंवा डबा सोबत न्या.

रानवाट: मग दीड तासानं पोचून फायदा काय?

आपत्कक्ष: भरपूर आहे. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, 8 तासांच्या आत सुरू झालं तर यकृत बहुतेक वेळा वाचतं. सुरुवातीला रुग्ण ठणठणीत दिसतो, त्यावर विसंबून थांबू नका. कार्बामॅझेपिन, फिनोबार्बिटल (दोन्ही फिट्सवरची), डॅप्सोन (कुष्ठरोगावरचं) या औषधांना तर कोळसा उशिराही लागू पडतो. ही औषधं रक्तातून पुन्हा आतड्यात झिरपतात, म्हणून दर 4 तासांनी मात्रा देतात. मात्र आतड्याची हालचाल चालू आहे ना, हे प्रत्येक मात्रेआधी तपासावं लागतं.