बाबांची एचएमटी जनता स्वतः उघडायची आहे, इंदुरात हत्यारं कुठून घ्यावी?

रामबागी: नमस्कार. बाबांची जनता (एचएमटीचं किल्लीचं मनगटी घड्याळ) 9 वर्षं कपाटात पडून आहे. किल्ली दिली की चार-पाच मिनिटं चालते आणि थांबते. मला घड्याळ दुरुस्ती छंद म्हणून शिकायची आहे. बजेट 3,000 रुपये, सगळं धरून. आधी काय घ्यावं? इंदुरात मिळेल की ऑनलाइन मागवू?

सत्रा_ज्वेल: स्वस्तातलं घेऊ नका, दोनदा पैसे जातात. मी बर्जनचे पेचकस आणि ड्युमाँचे चिमटे घेतले, सात वर्षांत टोकं जशीच्या तशी आहेत. बजेट वाढवा.

छावणीकर: ताईंनी 3,000 लिहिलंय हो. मी 650 चा पाच पेचकसांचा सेट घेतला, 0.8 ते 1.6 मिलिमीटर. दुसऱ्याच दिवशी 0.8 चं पातं पिळलं आणि स्क्रूची खाच खराब झाली. फार वाईट वाटलं. मग ऑइलस्टोनवर सगळी पाती खाचेच्या मापाला घासली, आजतागायत तीच वापरतो. पातं खाचेत गच्च बसलं पाहिजे, ब्रँड कुठला का असेना.

सुदामानगरकर: वडिलांच्या घड्याळाला हात लावू नका. सरावाला सी-गलचं एसटी36 मशीन, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, घ्या. स्विस युनिटास 6497 ची नक्कल आहे, 36.6 मिलिमीटरचं, भाग मोठे, नीट दिसतात. मी त्यावरच शिकलो, आता डोळे मिटून जोडतो.

जुनी_इंदूर: जेल रोडवरून मोबाइल दुरुस्तीचे पेचकस मात्र आणू नका. टोकांना चुंबक असतो. माझ्या मुलाने तेच वापरले. बालकमानीचे (आतल्या केसासारख्या बारीक कमानीचे) वेढे एकमेकांना चिकटले आणि घड्याळ तासाला पाच मिनिटं पुढे पळायला लागलं. आठवडाभर तो वेग कमी-जास्त करायचा रेग्युलेटर सरकवत होता. चुंबकत्व काढणारा डिमॅग्नेटायझर आणला आणि मिनिटभरात ठीक झालं. आणि ताई, किल्ली कुठली, आपल्याकडे सगळे घड्याळजी चावीच म्हणतात.

रामबागी: आमच्या घरी कुलपाची चावी आणि घड्याळाची किल्ली.

छावणीकर: आमच्याकडेही किल्लीच.

वेस्टएंडवाला: माझंही तेच म्हणणं, वडिलांचं घड्याळ बाजूला ठेवा. माझ्याकडे चावीची 22 घड्याळं आहेत, सगळी मीच खोलून साफ केलीत. चार मिनिटांत थांबतं म्हणजे बहुधा तेल सुकून चिकट झालंय. वरून तेल सोडून उपयोग नाही, पूर्ण खोलून धुवावं लागतं. लायटरचं इंधन चालतं, पण खिडकी उघडी आणि आसपास आग नको. पॅलेट फोर्क (टिकटिक करणारा छोटा काटेरी भाग) आणि बॅलन्स (मागे-पुढे झुलणारं चाक) अल्कोहोलमध्ये ठेवू नका, त्यांची माणकं शेलॅकने, म्हणजे लाखेने, चिकटवलेली असतात, ती विरघळून सुटून येतात. शिवणयंत्राचं तेल तर अजिबात नको, ते पसरतं. पॅलेट फोर्कच्या चुळा (आसाची बारीक टोकं) कोरड्याच ठेवायच्या. आणि जुन्या स्विस तबकडीवरचं किरणोत्सर्गी रेडियम कधी खरवडू नका.

सत्रा_ज्वेल: तेल मोबियसचंच घ्या.

सुदामानगरकर: पुन्हा सांगतो, एसटी36.

छावणीकर: त्यापेक्षा बंद पडलेल्या जनता शोधा. 2016 मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचं ठरवलं, नवे भाग कुठून येणार? मशीनवर 0231 हा जनताच्या मशीनचा नंबर आहे का बघून घ्या, म्हणजे सरावही होईल आणि भागही हाताशी राहतील.

रामबागी: सगळ्यांचे आभार. पेचकस, दोन चिमटे, 10 पट भिंग, डिमॅग्नेटायझर आणि किनार असलेला ट्रे, 2,150 झाले. दोन बंद जनता 500 ला मिळाल्या, दोन्हींवर 0231 आहे. तेल पुढच्या महिन्यात. पण सुरुवात बाबांच्याच घड्याळापासून करणार आहे. आई 81 वर्षांची आहे, तिला ते पुन्हा कानाशी धरायचंय. ते आधीच बंद आहे. प्रत्येक पायरीचा फोटो काढीन आणि बॅलन्सपाशी थांबीन. तिथून पुढचं भंगारातल्या दोन्हींवर जमलं, तरच बाबांचं खोलीन.

सुदामानगरकर: मला पटलेलं नाही. पण पंखा बंद करा, आणि मांडीवरचा टॉवेल टेबलाला पिनांनी लावा, उडालेला भाग त्यात पडतो.

जुनी_इंदूर: काटे काढताना तबकडीवर पातळ प्लास्टिक ठेवा, ओरखडे येत नाहीत.

रामबागी: मागचं झाकण उघडलं. किल्ली दिलेली आहे. मुख्य कमानीचा जोर कसा उतरवू?

छावणीकर: थांबा, आत्ता एकही स्क्रू काढू नका. वरच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चाकाच्या दातांत एक छोटा तुकडा अडकलेला दिसेल, तोच क्लिक. डाव्या हाताच्या दोन बोटांत किल्लीचं डोकं घट्ट धरा. पेचकसाने क्लिक चाकापासून हलकेच बाजूला करा. डोकं उलटं फिरायला बघेल. फिरू द्या, पण बोटांतून हळूहळू सोडा. एकदम सोडलं तर दात तुटतात. फिरायचं थांबलं की जोर उतरला. मग क्लिक सोडून फोटो टाका, मी जागा आहे.