मदत हवी आहे: बसोहली शैलीचं चित्र खरं जुनं आहे की नक्कल?

नमस्कार मंडळी,

आजोबा नोकरीनिमित्त काही वर्षं जम्मूला होते. त्यांच्या ट्रंकेत वहीच्या पानाएवढं एक चित्र सापडलं, बसोहली शैलीचं (जम्मूकडच्या बसोहली गावातली जुनी लघुचित्रशैली) वाटावं असं. मोहरीसारखी पिवळीधमक पार्श्वभूमी, लाल किनार, पीतांबर नेसलेला निळा कृष्ण आणि समोर राधा. डोळे कानापर्यंत गेलेले, कमळाच्या पाकळीसारखे. मागे टाकरी (तिकडच्या डोंगराळ भागातली जुनी लिपी) वाटावी अशा लिपीत एक ओळ आहे, ती मला वाचता येत नाही.

मी अडकलोय ते मुकुटापाशी. त्यावर हिरवे चकचकीत ठिपके आहेत, चित्र तिरकं धरलं की मोरपंखासारखे झळकतात. बसोहलीत सतराव्या शतकात दागिन्यांतल्या पाचूंसाठी भुंगेऱ्याच्या पंखांचे तुकडे चिकटवत, हे वाचलंय. देवीच्या चित्रांतही ते दिसतात. पण हल्लीचे नक्कल करणारेही तेच वापरत असतील ना? (बायको म्हणते, टिकल्या आहेत. असतीलही.)

तर, भिंगातून पंखाचा तुकडा आणि टिकली यातला फरक कसा ओळखायचा? टाकरी वाचणारं कुणी आहे का? आणि एक ठिपका सुटत आलाय, त्याला हात लावू की नको? फ्रेमवाल्याने आधीच "फेविकॉल लावून देतो" म्हणून घाबरवलंय. चित्र सध्या दोन कोऱ्या कागदांत ठेवून कपाटात सपाट ठेवलंय, पण आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. विकायचं नाहीये, त्यामुळे किंमत सांगू नका.